कलम १७ भिंतीवर आहे, वर्गात कसं आणायचं?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं तालुक्याचं गाव, लेक सहावीत, अनुदानित शाळा. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. कशी आले ते विचारू नका, पालकसभेत "कोण येतंय समितीत" म्हटल्यावर सगळ्या बायांनी माना खाली घातल्या आणि मी नेमकं तेवढ्यात पंख्याकडे बघितलं. निम्म्या बायका लागतातच कायद्याने, घेतलं मला.

तर गेल्या मंगळवारी लेक जेवायला बसली आणि डाव्या हाताने भात कालवायला लागली. म्हटलं हे काय नवीन. उजवा हात मांडीखाली. ओढून बघितला तर दोन बोटांची पेरं सुजून टम्म. लाकडी पट्टी, तीही आडवी नाही, धारेवर उभी धरून. कारण काय तर वहीला कव्हर नव्हतं. आणि ती मलाच समजावतेय, "अगं सगळ्या लाइनलाच मारलं, मला एकटीला नाही काही." म्हणजे सगळ्यांना मारलं की ते मारणंच नाही, हा हिशोब अकराव्या वर्षी पक्का झालाय.

दुसऱ्या दिवशी हेडसरांकडे गेले. त्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे फ्लेक्स लावलाय, "शिक्षण हक्क कायदा कलम १७ नुसार विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास सक्त मनाई", खाली शाळेचं नाव, कोपऱ्यात कमळातली सरस्वती. सर म्हणाले ताई तुम्ही समितीच्या, काय करायचं ते तुम्हीच लिहून आणा, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. मला गप्प बसवायला म्हणाले की मनापासून, ते अजून कळलेलं नाही. पण मी लिहून नेणार.

आधीच सांगते, मारावं की मारू नये यावर हा धागा नाही. ते १ एप्रिल २०१० पासून ठरलेलं आहे. मला बाईंची नोकरीही घालवायची नाहीये. ५८ पोरांचा वर्ग, आणि गणित इतकं छान शिकवतात की माझी लेक त्याच सुजलेल्या बोटांनी त्यांच्यासाठी ग्रीटिंग करत बसली होती. मला एवढंच हवंय की पट्टी फक्त फळा आखायला वापरली जावी. कुणाच्या शाळेत हे खरंच झालंय का? कसं झालं?

खवचट_काका | सोमवार, रात्री ११:०५

आम्ही निरगुडीच्या फोकांनी मार खाल्ला, काही बिघडलं नाही. आता पोराला हात लावला की पालक पोलिस स्टेशनात, मग पोरं मास्तरच्या अंगावर येतात. चालू द्या.

रानजाई | सोमवार, रात्री ११:११

काका, बिघडलं नाही हे तुम्ही ठरवणार की काकू? हलकं घ्या.

वकिलीणबाई | मंगळवार, सकाळी ८:२०

कायद्याचं थोडं लिहिते, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

कलम १७ ला दोनच पोटकलमं आहेत. पहिलं म्हणतं कुठल्याही बालकाला शारीरिक शिक्षा नाही की मानसिक छळ नाही. दुसरं म्हणतं जो करेल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. बस. दंड नाही, कैद नाही. म्हणजे सगळी भिस्त सेवानियमांवर, आणि खाजगी संस्थेच्या शाळेत ते नियम म्हणजे १९८१ ची एमईपीएस (खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती) नियमावली, त्यात चौकशी लावणार कोण तर संस्थाच. संस्था, हेडसर आणि बाई एकाच किटलीतला चहा पिणारे, पुढचं तुम्हाला कळलंच.

फौजदारी बाजू वेगळी. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५: ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली मूल आहे त्याने मारहाण केली, छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेत मुलं सांभाळायला नेमलेल्या माणसाने केलं तर याहून जास्त. पण सुजलेल्या बोटांसाठी कुणी एफआयआर करत नाही, आणि दरवेळी करावा असं मलाही वाटत नाही.

मधली एक वाट आहे, ती वापरली जात नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्याकडे जिल्हा परिषद, साधा लेखी अर्ज. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. नाही पटला तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील. वकील लागत नाही (हे सांगण्यात माझंच नुकसान आहे). पोच घेतल्याशिवाय मात्र अर्ज देऊ नका, शिक्का आणि तारीख, विसरू नका.

अजून एक. बोटांचा फोटो ग्रुपवर टाकायचा मोह होईल, टाकू नका. पीडित मुलाची ओळख फोडायला त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली बंदी आहे, आणि उद्या गावात "ती फोटोवाली" म्हणून ओळखली जाईल ती तुमची लेक, बाई नव्हे.

शिक्षा म्हणजे नुसती छडी असंही नाही. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभं करणं, कान धरायला लावणं, गुडघ्यावर बसवणं, कोंबडा करणं, संडासात किंवा वर्गात कोंडणं सगळं आलंय. आणि टोमणे मारणं, नावं ठेवणं, वर्गासमोर लाजवणं हा मानसिक छळ.

भोकंही सांगते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी. अंगणवाडी बाहेर, अकरावी-बारावी बाहेर, क्लासवाले बाहेर. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळाही बाहेर. तिथे मग बाल न्यायचं ७५ कलमच काय ते.

खवचट_काका | मंगळवार, सकाळी ८:५१

म्हणजे कोंबडापण गेला!

द्विशिक्षकी | मंगळवार, दुपारी ४:१५

मी शिकवतो. झेडपी, डोंगरातली वाडी, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, त्यातला एक मी आणि दुसरे सर महिन्यातले सात-आठ दिवस कुठल्यातरी ट्रेनिंगला नाहीतर बीएलओच्या (मतदार याद्यांच्या) कामाला, म्हणजे चारही वर्ग एका खोलीत आणि खिशात मोबाइल वाजतोय की पोषण आहाराचा आकडा भरा, आधार मिसमॅच बघा, ही लिंक आजच्या आज भरा, त्यात तिसरीतला एकजण पहिलीतल्याच्या डोक्यात पाटी घालतो. तेव्हा हात उठतो. चूक आहे हे माहीत असून उठतो. डीएडला बालमानसशास्त्राच्या पेपरला मला ८१ पडले होते, पण राग आल्यावर पहिल्या दहा सेकंदांत स्वतःच्या हाताचं काय करायचं हे त्यात नव्हतं.

आणि पालक. दाखल करायला येतात तेव्हाच सांगतात, गुरुजी काय वाट्टेल ते करा, बडवून काढा, पण पोरगं सुधारलं पाहिजे. मी नाही मारत म्हटलं की तोंड पडतं, हा मास्तर शिकवणार काय असं बघतात.

मी आठ वर्षं मारलेलं नाही. त्याआधी मारायचो. एका पोराला आदल्या दिवशी एक ठेवून दिली होती, दुसऱ्या दिवशी मी फळा पुसायला हात वर केला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. फळा पुसायला हो. तेवढं पुरलं मला.

आता काय करतो, ऐकून हसाल. राग आला की खडू टेबलावर ठेवायचा आणि खिडकीशी जायचं, समोर एक जांभळाचं झाड आहे ते बघायचं. पोरांना आता माहितीये. "सर खिडकीशी गेले" असं एकमेकांना सांगतात आणि गप्प होतात. कधी कधी मी नुसता हवा खायला गेलो तरी गप्प होतात.

कव्हरचं म्हणाल तर माझ्या कपाटात रद्दी, कात्री आणि डिंकाची बाटली असते. कव्हर नाही? मधल्या सुट्टीत घाल. दहा मिनिटांचं काम. ५८ जणांना पट्टी मारत बसायलाही तेवढा वेळ जातोच की.

आणि ताई, सहावी ते आठवीला ३५ पोरांमागे एक शिक्षक हवा, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. त्याचा फ्लेक्स कुणी लावत नाही. हेडसरांना विचारा एकदा.

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी ४:४०

सर, ३५ चं मला माहीतच नव्हतं. लिहून घेतलं. खिडकीचं पण.

दोनपोरांचीआई | मंगळवार, रात्री ९:५८

शाळेचं सगळे बोलताहेत, घरचं काय? मी मारते. लाटणं नाही, चप्पल नाही, हाताने, पाठीत धपाटा. शाळेत बाईंनी मारलं तर मी जाऊन भांडेन आणि त्याच संध्याकाळी दूध सांडलं म्हणून मीच एक लावेन, हे मला माहीत आहे. घरी मारण्यावर कायद्याने बंदी आहे का नाही? वकिलीणबाई?

वकिलीणबाई | मंगळवार, रात्री १०:३०

आपल्याकडे आई-बापांसाठी अशी स्पष्ट बंदी नाही. उलट जुन्या दंडसंहितेतलं कलम ८९, आता भारतीय न्याय संहितेत २७, हे १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेने पालकाने केलेल्या किंवा पालकाच्या संमतीने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. जबर दुखापतीला अर्थातच नाही. त्या "पालकाच्या संमतीने" ची ढाल करून शिक्षकही कोर्टात उभे राहतात, आणि कोर्टंही एका सुरात बोलत नाहीत. २०२४ ला छत्तीसगड हायकोर्ट म्हणालं की शिस्तीच्या नावाखाली शाळेत मुलांना मारणं क्रूर आहे. इतर काही निकालांत शिक्षकाच्या साध्या चापटीला गुन्हा मानलेलं नाही. बाल हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आपण १९९२ साली सामील झालो, त्या हिशोबाने घरातलंही थांबवायला हवं, पण संसदेत तो विषय येईल तेव्हा येईल.

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी ७:४५

आमच्या गोव्याचं सांगतो. आमच्याकडे गोवा बाल कायदा २००३ चा, म्हणजे तुमच्या कलम १७ च्या कितीतरी आधी सगळ्या शाळांत मारायला बंदी, आणि वेगळं बाल न्यायालयपण. छान वाटतं ना? मग २०२३ ला काय झालं, दोन मुलींना मारल्याबद्दल बाल न्यायालयाने दोषी धरलेल्या शिक्षिकेला हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने सोडलं. शिस्तीसाठी वाजवी बळ वापरणं म्हणजे गुन्हा नव्हे, असा सूर. मी शाळेत क्लार्क आहे. त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेपर हातोहात फिरला, लोकांनी फोटो काढून ठेवले. "वाजवी" म्हणजे किती, यावर जेवणाच्या सुट्टीत चर्चा. कायदा २० वर्षं कपाटात पडून होता तेव्हा त्याचा फोटो कुणी काढला नव्हता.

गोथेनबर्गकर | बुधवार, दुपारी १:२०

स्वीडनला १२ वर्षं आहे, इथलं सांगतो, थोडं लांबेल.

घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी घालणारा हा जगातला पहिला देश, १९७९. आपल्याला वाटतं गोऱ्यांनी एका रात्रीत केलं. तसं नाही. शाळांत १९५८ ला बंद झालं, १९६६ ला पालकांच्या कायद्यातली मारायची सवलत काढली, मग तेरा वर्षांनी स्पष्ट शब्दांत मनाई. संसदेत २५९ विरुद्ध ६. आणि गंमत म्हणजे त्या कलमाला शिक्षाच नाही. मारहाण फौजदारी कायद्यात आहेच, ती तिथे. हे कलम फक्त सांगतं की मुलाशी आदराने वागायचं, मारायचं नाही, अपमान करायचा नाही.

मग चाललं कसं? लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरी सरकारने एक पुस्तिका पाठवली, इतर भाषांतही काढली, आणि दोन महिने दुधाच्या खोक्यांवर हा कायदा छापला. सकाळी नाश्त्याला बसलं की पोराच्या नाकासमोर. दोन वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त कुटुंबांना कायदा माहीत झाला होता. ताई, तुमचा फ्लेक्स हेडसरांच्या केबिनमध्ये आहे ना? तिथे पोर कधी जातं? आधीच काहीतरी केलेलं असतं तेव्हा. तो वाचायच्या मनःस्थितीत असतं का?

आता माझी गोष्ट. आई सहा महिने राहायला आली होती. नातू चार वर्षांचा, ट्राममध्ये त्याने लोळण घेतली, आईने दिली एक चापट. सगळी ट्राम गप्प. एक म्हातारी उठून आली, आईकडे बघितलंसुद्धा नाही, वाकून पोराला विचारलं, ठीक आहेस ना तू? बस, आणि जागेवर जाऊन बसली. आई घरी येऊन रडली. मला कुणी पोरासमोर असं कधी केलं नव्हतं म्हणाली.

पुढे पोराने बालवाडीत सांगितलं आजीने मारलं. तिथल्या शिक्षकांना संशय आला तरी समाजसेवा खात्याला कळवणं बंधनकारक, त्यांनी कळवलं. ते दोन आठवडे झोप लागली नाही हे खोटं कशाला सांगू, आपल्या लोकांच्या ग्रुपवर काय काय कथा फिरत असतात. प्रत्यक्षात एक बाई आली, कॉफी घेत बसली, आजी आल्यापासून मुलाची झोपायची वेळ बदलली का, तुम्हा दोघांपैकी कोण लवकर चिडतं असं विचारत राहिली. दोन भेटी आणि फाइल बंद. मला विचारलेला तो "कोण लवकर चिडतं" माझ्या डोक्यातून अजून गेला नाही.

खवचट_काका | बुधवार, दुपारी २:०२

म्हणजे पोरं उचलून नेतात ते खरंय तर. आणि हे सगळं थंड देशांत चालतं, आपल्या लोकांना कोण विचारणार, मतदान घ्या, नव्वद टक्के लोक म्हणतील एक चापट तर हवीच.

किवी_सासवडकर | बुधवार, दुपारी ३:१७

काका, घेतलं की मतदान. न्यूझीलंडला २००७ मध्ये कायदा झाला, ११३ विरुद्ध ८. २००९ मध्ये सार्वमत झालं, ८७ टक्क्यांनी सांगितलं चांगल्या वळणासाठी दिलेली चापट गुन्हा नको. सरकारने कायदा तसाच ठेवला. पण त्याच कायद्यात लिहून ठेवलंय की बाब किरकोळ असेल आणि खटला भरण्यात जनहित नसेल तर पोलिसांनी भरू नये. लोक बोंबलले, मग विसरले. माझ्या पोरांच्या शाळेत मारणं ही कल्पनाच कुणाला समजत नाही, शाळेत माझ्या बोटांत पेन्सिल घालून दाबायचे ते मी सांगितलं तर लेक म्हणाली, "पण का?" उत्तर देता आलं नाही. आणि थंड देशच कशाला, आपल्या शेजारच्या नेपाळने २०१८ ला घरासकट सगळीकडे बंदी घातली.

वकिलीणबाई | बुधवार, दुपारी ३:४०

आणि काका, "काही बिघडलं नाही" चं एक. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या पाहणीचा अहवाल काढला, शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के म्हणाली आम्हाला शाळेत मार पडतो. तीनातली दोन. ती सगळी आता तिशीच्या आसपास आहेत, पालक झाली आहेत, आणि गुरुजींना बडवून काढा सांगताहेत.

जुनाफळा | बुधवार, रात्री ११:३६

निवृत्त होऊन ९ वर्षं झाली. ३४ वर्षं माध्यमिकला मराठी आणि इतिहास. लिहावं की नाही असा दोन दिवस विचार करत होतो.

आमच्या वेळी प्रत्येक मास्तरची फोक ठरलेली. माझी चिंचेची. शिपाई जूनमध्ये आणून द्यायचा, ओल्या असतानाच सालून ठेवायचो. मी फार मारणारा नव्हतो असं मी समजत असे. एक मुलगा होता, आठवीत, उशिरा यायचा. रोज उशिरा. रोज दोन फटके. त्यानेही कधी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, हात पुढे करायचा, घ्यायचा, जाऊन बसायचा, इतकं सुरळीत चालायचं की पोरं वाचनही थांबवत नसत. दिवाळीनंतर तो आलाच नाही. गळती म्हणून पटावरून कमी केला, सही माझीच. पुढे कळलं की पहाटे बाजारात भाजी उतरवायला जायचा.

आता आठवडी बाजारात त्याचा स्वतःचा गाळा आहे. मला बघितलं की पाया पडतो आणि मेथीची जुडी पिशवीत कोंबतो, पैसे घेत नाही. "सर तुमच्यामुळं वळण लागलं" म्हणतो. दर गुरुवारी. बायको म्हणते त्या बाजूने जाऊ नका मग. पण जातो.

रानजाई | गुरुवार, सकाळी ६:५०

सर…

द्विशिक्षकी | गुरुवार, सकाळी ७:३०

उशीर का झाला हे विचारणं हाच सगळा उपाय आहे असं कधी कधी वाटतं, पण त्याला वेळ लागतो आणि वेळ ५८ ने भागावा लागतो. सर, लिहिलंत ते बरं केलंत.

पाटीपेन्सिल | धागा काढल्यापासून १२ दिवसांनी, शनिवार, रात्री ९:१५

अपडेट द्यायला उशीर झाला, मीटिंग दोनदा पुढे गेली.

मीटिंगच्या आधी बाई स्वतः मला भेटायला आल्या, घरी. म्हणाल्या, मला समितीपुढे सगळ्यांसमोर उभं करू नका. मी म्हटलं नाही करणार. मग बसल्या, चहा झाला, आणि एकदम म्हणाल्या, तुम्ही घरी मारता का? दोनपोरांचीआई, तुझी आठवण झाली. मी हो म्हटलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण नंतर मोकळ्या झाल्या. वर्गाचा आवाज व्हरांड्यात गेला की पर्यवेक्षक रजिस्टरला शेरा मारतात, "वर्गनियंत्रण नाही". असे तीन शेरे झालेत त्यांचे. शिकवलं कसं यावर एकही नाही. म्हणजे पट्टी कव्हरसाठी नव्हतीच, व्हरांड्यासाठी होती. हे मला अजिबात सुचलं नसतं.

मीटिंगमध्ये मी दोन पानं वाचली. फ्लेक्स केबिनमधून काढून पाण्याच्या टाकीपाशी लावा, आणि त्यावरची भाषा बदला, "सक्त मनाई" पोरांना कळत नाही, "शाळेत तुला कुणीही मारू शकत नाही, मारलं तर यांना सांग", खाली दोन नावं आणि १०९८. परिपाठाला आठवड्यातून एकदा हे वाचायचं, दुधाच्या खोक्याऐवजी हेच आहे आपल्याकडे. वर्गनियंत्रणाचा शेरा बंद. रजिस्टरमध्ये पट्टी की रद्दी हा रकाना तरी घाला असं मी चिडून म्हणाले, ते इतिवृत्तात आलेलं नाही.

पर्यवेक्षकांनी विरोध केला. पोरांना हक्क सांगताय, कर्तव्यं कोण सांगणार. संस्थेचे एकजण म्हणाले शाळेची बदनामी होईल, बाहेरच्या बाजूला लावू नका. टाकी आतल्या बाजूला आहे म्हटल्यावर तयार झाले.

मग तक्रारपेटी. जीआर २०१७ चा, पेटी आहे. कुठे आहे तर केबिनच्या दाराशेजारी, कॅमेऱ्याच्या खाली. कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडेच नाही. शिपायाने हातोडीने तोडलं. आत एक कॅडबरीचा कागद, एक चिठ्ठी "खिचडीत मीठ जास्त असतं", आणि दुसरी, वहीचं पान चारदा घडी घातलेलं, पेन्सिलने, "पाचवी ब मधे डस्टर फेकून मारतात. माझं नाव कुणाला सांगू नका." नाव लिहिलेलंच नाही. तारीख नाही. पान पिवळं पडलंय. हेडसर अक्षर बघत बसले होते, मी ते पान घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवलं. बरोबर केलं का माहीत नाही.

नवीन पेटी मुलींच्या बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात, मुलांच्या बाजूला दुसरी. किल्ल्या समितीतल्या दोन आयांकडे, केबिनमध्ये नाही. सखी सावित्री समिती (शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी असते ती) कागदावर आहे असं कळलं, तिच्यात मीपण आहे असंही तिथेच कळलं.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, पेटीत तुझ्याबद्दलपण टाकता येतं का?

दोनपोरांचीआई | शनिवार, रात्री ९:४०

काय सांगितलंस मग?

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ९:५२

टाक म्हटलं. किल्ली माझ्याकडेच आहे हे तिच्या लक्षात आलं आणि हसली. मग दुसरी किल्ली ज्या काकूंकडे आहे त्यांचं घर विचारून घेतलं.

वकिलीणबाई | शनिवार, रात्री १०:०३

ते पान हेडसरांना द्यायचं नव्हतंच, पण नुसतं पर्समध्येही ठेवू नका. मजकूर इतिवृत्तात घ्या, पान पाकिटात बंद करून दोन सह्या. मूल कोण ते शोधू नका. वर्ग आणि डस्टर एवढं पुरेसं आहे.

द्विशिक्षकी | शनिवार, रात्री १०:२०

५८ चं काय झालं?

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री १०:२६

विषय घेतला. हेडसर म्हणाले संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) जे पद मिळेल ते मिळेल, आपल्या हातात नाही. लेखी मागणी करा म्हटलं, ठराव झालाय, जिल्हा परिषदेला जाणार आहे, पोच मी स्वतः जाऊन घेणार. तोवर रद्दी आणि डिंक नेऊन दिलाय वर्गात. कात्री बाई नको म्हणाल्या, हाताने फाडू दे.

खवचट_काका | शनिवार, रात्री १०:४४

पेपर कुठला दिलात? जाड कागदाचा द्या, पुरवणीचा टिकत नाही.